संगणकाचे बिऱ्हाड हलवताना : पीसीमूव्हर प्रोफेशनलचे परीक्षण

नवा संगणक आणला की फाइली हलवणे हे त्यातले सर्वांत सोपे काम असते. बाह्य डिस्क जोडावी, कागदपत्रांचे आणि छायाचित्रांचे फोल्डर उचलून नव्या जागी ठेवावेत, एवढ्यावर ते भागते. खरे काम दुसऱ्या दिवशी सकाळी समोर येते. लिहायला बसावे तर वर्षानुवर्षे एकेक शब्द घालून तयार केलेला शब्दकोश जागेवर नसतो आणि बरोबर लिहिलेल्या शब्दांखालीही लाल रेघा उमटतात. ईमेलमध्ये दोन अक्षरे टाइप केली की समोर येणारे पत्ते येत नाहीत. हिशेबाच्या प्रोग्रामची मूळ सीडी कधीच हरवलेली असते आणि ती आवृत्ती आता कुठेही मिळत नाही. घर बदलताना सामान एका दिवसात हलते, पण बिऱ्हाड मांडायला आठवडे लागतात, तसेच हे आहे. हे मांडण्याचे कामसुद्धा आपण करू असे सांगणारी सॉफ्टवेअर मोजकीच आहेत. त्यांपैकी लॅपलिंक या कंपनीचे पीसीमूव्हर प्रोफेशनल मी वापरले. ते कोणाच्या उपयोगाचे आहे आणि कोणाला त्याची गरज नाही, हे मला येथे सविस्तर सांगायचे आहे.

माझे काम भाषांतराचे आणि पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे आहे. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि माझा जुना डेस्कटॉप विंडोज ११ च्या अटींमध्ये, विशेषतः प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप या दोन बाबतींत, बसत नव्हता. त्यामुळे नवा लॅपटॉप घेणे भाग पडले. जुन्या यंत्रावर सुमारे १८० जीबी मजकूर होता आणि बसवलेल्या प्रोग्रामांची यादी साठाच्या घरात होती. त्यांपैकी रोज लागणारे दहा-बारा, अधूनमधून लागणारे तितकेच, आणि उरलेले कधी व कशासाठी बसवले होते ते मलाही आठवत नव्हते.

प्रोग्रामचा फोल्डर जसाच्या तसा नव्या संगणकावर नेऊन ठेवला तर तो का चालत नाही, हा प्रश्न अनेकांना पडतो, आणि या सॉफ्टवेअरचे मोल कळण्यासाठी त्याचे उत्तर आधी समजून घेणे आवश्यक आहे. विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम बसवला जातो तेव्हा त्याची मुख्य फाइल ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये जाते हे खरे, पण त्याचे बाकीचे अवयव इतरत्र पसरतात. सर्व वापरकर्त्यांसाठी समान असलेली माहिती ‘प्रोग्रामडेटा’ या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये राहते, त्या-त्या वापरकर्त्याच्या आवडीनिवडी ‘ॲपडेटा’मधील रोमिंग आणि लोकल या उपफोल्डरांमध्ये साठतात, कोणती फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची, परवाना कोणता, कोणती सेवा संगणकाबरोबर सुरू व्हायची याच्या नोंदी रजिस्ट्री या विंडोजच्या मध्यवर्ती नोंदवहीत होतात, आणि अनेक प्रोग्राम ज्यांच्या आधारावर उभे असतात त्या सामायिक डीएलएल फाइली विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात. यांतले काहीही मागे राहिले तर प्रोग्राम एक तर उघडत नाही, किंवा उघडतो पण पहिल्यांदाच बसवल्यासारखा कोरा दिसतो. मॅक संगणकावर हे काम तुलनेने हलके असते, कारण तेथे बहुतेक प्रोग्राम एकाच गठ्ठ्यात बांधलेले असतात आणि सेटिंग्ज ‘लायब्ररी’ या ठरावीक ठिकाणी राहतात; म्हणूनच एका मॅकवरून दुसऱ्या मॅकवर जाताना ॲपलचे मायग्रेशन असिस्टंट प्रोग्रामही सोबत नेते. विंडोजमध्ये तशी एकसारखी शिस्त नाही. प्रत्येक प्रोग्रामने आपापल्या पद्धतीने घर मांडलेले असते.

मायक्रोसॉफ्टने यासाठी काहीच केले नाही असे नाही. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये फाइली आणि सेटिंग्ज हलवण्यासाठी एक विझार्ड होता, व्हिस्टापासून विंडोज ईझी ट्रान्सफर आले, आणि विंडोज ७ मध्ये तर त्याने जुन्या संगणकावरील प्रोग्रामांची यादीही अहवालात देण्यास सुरुवात केली, म्हणजे निदान काय बसवायचे राहिले ते कळत असे. प्रोग्राम मात्र यांपैकी कोणीही हलवले नाहीत, आणि विंडोज १० मध्ये ईझी ट्रान्सफरही उरले नाही. आताचे विंडोज बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याच्या आधारे चालते. ते वाय-फायचे पासवर्ड, भाषा, रंगसंगती अशा सेटिंग्ज परत आणते, ठरावीक फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात ठेवते, आणि जुन्या प्रोग्रामांची चिन्हे स्टार्ट मेनूत दाखवते. मात्र ती चिन्हे म्हणजे प्रोग्राम नव्हेत. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले ॲप त्यावर क्लिक केल्यावर उतरते, बाकीच्यांसाठी आपल्याला इन्स्टॉलर शोधावाच लागतो. शिवाय वनड्राइव्हवर मोफत मिळणारी जागा ५ जीबी आहे, जी माझ्या एका पुस्तकाच्या चित्रांनाही पुरली नसती. ज्याचे सर्व काम ब्राउझरमध्ये चालते त्याने एवढ्यावर थांबावे, त्याला अधिक काही विकत घेण्याचे कारण नाही.

पीसीमूव्हर बनवणारी लॅपलिंक ही कंपनी या क्षेत्रात नवखी नाही. ट्रॅव्हलिंग सॉफ्टवेअर या नावाने ती १९८३ मध्ये सुरू झाली आणि दोन संगणकांमध्ये केबल जोडून फाइली हलवण्याच्या सोयीसाठी त्याच दशकात ओळखली जाऊ लागली. आजचे पीसीमूव्हर दोन्ही संगणकांवर बसवावे लागते. दोघेही एकाच नेटवर्कवर असले की ते एकमेकांना शोधतात, जुन्या संगणकाची तपासणी होते, आणि मग नव्या संगणकावर निवडीचा पडदा येतो. सिरियल नंबरच्या पडताळणीसाठी इंटरनेट लागते, आणि एका परवान्यात जुन्या-नव्या अशा एकाच जोडीचे स्थलांतर होते, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

केबलविषयी थोडे अधिक सांगणे जरुरीचे आहे, कारण लागणारा वेळ बराचसा तिच्यावर ठरतो. मी वाय-फाय वापरले नाही. दोन्ही संगणक साध्या इथरनेट केबलने थेट जोडले आणि इंटरनेट पडताळणीपुरते वेगळे ठेवले. गिगाबिट जोडणीचा कमाल वेग सेकंदाला १२५ मेगाबाइट असतो, म्हणजे १८० जीबी मजकूर कागदावर पंचवीस मिनिटांत जायला हवा. पण ज्यांच्या जुन्या यंत्रातील पोर्ट १०० मेगाबिटचे असेल त्यांना तेच काम चार तासांच्या आत होणार नाही. माझी जोडणी गिगाबिटची असूनही साडेतीन तास लागले. याचे कारण जुन्या संगणकातील फिरती हार्ड डिस्क आणि त्यावरील लाखो लहान फाइली हे होते. एक मोठी चित्रफीत झपाट्याने जाते, पण ब्राउझरच्या आणि ईमेलच्या साठ्यातले काही किलोबाइटांचे तुकडे एकेक करून वाचताना डिस्कची सुई सतत जागा बदलत राहते. स्थलांतरापूर्वी तात्पुरत्या फाइली आणि डाउनलोडचा फोल्डर साफ केला असता तर यांतला बराच वेळ वाचला असता. दोन्ही संगणकांची झोपी जाण्याची सोय बंद करणे, लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवणे आणि विंडोजचे प्रलंबित अपडेट आधीच पूर्ण करणे या सूचना उत्पादनाच्या पुस्तिकेतही आहेत. त्या वाचून सोडून देण्यासारख्या नाहीत.

निवडीचा पडदा हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत चांगला भाग आहे, आणि त्यावर वेळ घालवावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. सगळेच हलवण्याचा पर्याय तेथे असतो व तो मोहात पाडतो, पण साठ प्रोग्रामांपैकी मी फक्त तेवीस निवडले. प्रोग्राम, वापरकर्त्यांची खाती, फोल्डर, डिस्क अशा वेगवेगळ्या शीर्षकांखाली काय न्यायचे ते ठरवता येते, आणि ठरावीक प्रकारच्या फाइली पूर्णपणे वगळताही येतात. वापरकर्त्याच्या खात्याची जोडणी येथे नीट पाहावी. जुन्या संगणकावरचे खाते आणि नव्यावरचे खाते वेगळ्या नावाचे असल्यास कोणते कोणात मिळवायचे हे आपण सांगितले नाही, तर नव्या संगणकावर एक जादा खाते तयार होते आणि सर्व सेटिंग्ज त्या दुसऱ्याच खोलीत जाऊन बसतात. नव्या यंत्रावर जे प्रोग्राम आधीपासून आहेत ते पुन्हा आणले जात नाहीत, हे योग्यच आहे. जुन्या संगणकावरचे काहीही पुसले जात नाही. आणि स्थलांतर पसंत पडले नाही तर नवा संगणक पूर्वस्थितीत नेण्याची सोयही दिलेली आहे. तिचा वापर करण्याची वेळ माझ्यावर आली नाही, पण ती आहे या खात्रीमुळे मी निर्धास्तपणे पुढे जाऊ शकलो.

तेवीसपैकी वीस प्रोग्राम पहिल्याच फेरीत जुन्या सेटिंग्जसह उघडले. दोघांनी परवान्याची पुन्हा विचारणा केली. राहिलेला एक हिशेबाचा जुना प्रोग्राम होता, जो उघडला, पण त्याचा परवाना जुन्या यंत्राच्या हार्डवेअरशी बांधलेला असल्यामुळे त्याने नव्या नोंदी स्वीकारण्यास नकार दिला. तो बनवणाऱ्यांकडे मी तीन वेळा लिहून विचारणा केली, एकदाही उत्तर आले नाही, आणि शेवटी आठ वर्षांचे हिशेब साध्या तक्त्यांमध्ये उतरवून घ्यावे लागले. याचा दोष हलवणाऱ्याचा नव्हता. कोणतेही सॉफ्टवेअर प्रोग्राम हलवू शकते, त्याचा करार हलवू शकत नाही. ज्या प्रोग्रामांचे परवाने ठरावीक संख्येच्या संगणकांपुरते असतात, त्यांत जुन्या यंत्रावरून आधी साइन आउट करावे किंवा तेथील सक्रियता (ॲक्टिव्हेशन) रद्द करावी.

काही गोष्टी मुळातच हलवायच्या नसतात. अँटिव्हायरस पीसीमूव्हर नेत नाही, आणि तो नव्या संगणकावर नव्यानेच बसवावा, कारण तो विंडोजच्या गाभ्याशी जोडलेला असतो. प्रिंटर व स्कॅनर यांचे ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ताजे घ्यावेत. विंडोज हॅलो या साइन-इनच्या सोयीतला पिन किंवा बोटाचा ठसा त्या-त्या यंत्रातील सुरक्षा-चिपशी बांधलेला असल्याने तो नव्या यंत्रावर पुन्हा नोंदवावा लागतो. ज्यांचा जुना संगणक ३२-बिट विंडोजचा आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये मिळते, आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत, ३२-बिटचे बहुतेक चालतात. नवा लॅपटॉप आर्म प्रोसेसरचा असेल तर जुने ड्रायव्हर आणि त्यांवर अवलंबून असणारे प्रोग्राम यांची आशा धरू नये.

आता सेटिंग्जविषयी. माझ्या मते या सगळ्या व्यवहारात जपण्यासारखे जे आहे ते येथेच आहे, कारण प्रोग्राम पुन्हा मिळवता येतो, पण दहा वर्षांच्या सवयींतून घडलेली सेटिंग कोणत्याही दुकानात मिळत नाही. वर्डमधल्या माझ्या शैली, मॅक्रो (एकदम चालणाऱ्या आज्ञांचे संच) आणि कळ-जोडण्या (शॉर्टकट) ‘नॉर्मल’ नावाच्या साच्यात साठलेल्या होत्या. माझा शब्दकोश ‘यूप्रूफ’ या फोल्डरमध्ये होता. चुकीचा टाइप झालेला शब्द आपोआप सुधारण्याच्या याद्या भाषेनुसार वेगवेगळ्या फाइलींमध्ये होत्या. आउटलुकच्या स्वाक्षऱ्या ‘सिग्नेचर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये. हे सर्व ॲपडेटाच्या रोमिंग भागात असते आणि पीसीमूव्हरने ते व्यवस्थित आणून बसवले. पहिले प्रकरण उघडले, पहिली कळ-जोडणी दाबली, आणि समासातील टीप पूर्वीच्याच शैलीत उमटली, तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही. अक्षरजुळणी करणाऱ्याचा अर्धा दिवस अशा लहान-लहान गोष्टींवर चालतो.

फॉन्टच्या बाबतीत मात्र हाताने तपासावे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्ट केवळ स्वतःपुरता बसवण्याची सोय आली आणि असे फॉन्ट विंडोजच्या मुख्य फॉन्ट-फोल्डरऐवजी वापरकर्त्याच्या ॲपडेटामध्ये जातात. युनिकोडपूर्व काळातील देवनागरी फॉन्टमध्ये केलेली जुनी पुस्तके ज्यांच्याकडे आहेत त्यांनी दोन्ही ठिकाणे पाहावीत, कारण त्या फाइलींमधला मजकूर मूळ फॉन्टवाचून निव्वळ निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो, तो फक्त निवडायचा. स्वतः तयार केलेला किंवा वेगळा आणलेला कळफलक असेल तर त्याचा इन्स्टॉलर जपून ठेवून तो नव्याने बसवणेच चांगले.

ब्राउझरचे पासवर्ड हा आणखी एक वारंवार फसवणारा विषय आहे. क्रोमचा प्रोफाइल-फोल्डर साधा कॉपी करून नेला तर खुणा (बुकमार्क) आणि इतिहास दिसू शकतो, पण पासवर्ड उघडत नाहीत, कारण ते विंडोजमधील त्या वापरकर्त्याच्या किल्लीने कुलूपबंद केलेले असतात. फायरफॉक्सची पद्धत वेगळी आहे; त्यात पासवर्ड आणि त्यांची किल्ली दोन्ही प्रोफाइलमध्येच असतात, त्यामुळे पूर्ण प्रोफाइल नेल्यास ते सोबत येतात, आणि याच कारणाने त्या प्रोफाइलला मुख्य पासवर्ड लावून ठेवणे शहाणपणाचे आहे. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामचे प्रोफाइलही असेच पूर्ण हलवता येते. आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे टपालाचा संगणकावरच ठेवलेला साठा, नेण्यासारखी असते. ओएसटी फाइल नेऊ नये. ती सर्व्हरवरील टपालाची त्या यंत्रापुरती प्रत असते व खाते जोडल्यावर पुन्हा तयार होते.

पैसे न खर्चता हेच काम करण्याचा एक चांगला मार्ग आहे, आणि परीक्षण प्रामाणिक ठेवायचे तर तो सांगितलाच पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या विंगेट या साधनाची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. त्यातील एक्स्पोर्ट ही आज्ञा जुन्या संगणकावरील प्रोग्रामांची यादी जेसन नावाच्या साध्या मजकूर-प्रकारातील एका फाइलमध्ये उतरवते, आणि नव्या संगणकावर इम्पोर्ट ही आज्ञा ती यादी वाचून एकेक प्रोग्राम स्वतः उतरवून बसवते. जे विंगेटच्या भांडारात नाहीत ते यादीत येत नाहीत, तशी सूचना मात्र मिळते. मी हे साधन नंतर घरातल्या दुसऱ्या संगणकासाठी वापरले. चौदा प्रोग्राम ताज्या आवृत्तींत बसले, आणि जुना कचरा अजिबात आला नाही. सेटिंग्ज मात्र वर सांगितलेल्या फोल्डरांतून हाताने न्याव्या लागल्या, आणि त्यासाठी एक रविवार पूर्ण गेला. संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत नव्या यंत्रात टाकावी असेही काही जण सुचवतात. तोच संगणक ठेवून फक्त डिस्क बदलायची असेल तेव्हा ते उत्तम, पण वेगळ्या हार्डवेअरवर जुने ड्रायव्हर आणि विंडोजचा परवाना दोन्ही अडचणीचे ठरतात, म्हणून त्या वाटेने मी गेलो नाही.

तेव्हा पीसीमूव्हर प्रोफेशनल कोणी घ्यावे? ज्यांच्याकडे असे दोन-चार प्रोग्राम आहेत की ज्यांचे इन्स्टॉलर आता कुठेही मिळत नाहीत, ज्यांच्या सेटिंग्जमध्ये वर्षांचे काम साठले आहे, आणि ज्यांना ॲपडेटाच्या फोल्डरांत हात घालण्याची भीती वाटते, त्यांनी अवश्य घ्यावे. जुना संगणक सुरूच होत नसेल पण त्याची डिस्क शाबूत असेल, तर त्या डिस्कवरून स्थलांतर करण्याची सोय या आवृत्तीत आहे, हेही एक सबळ कारण आहे. ज्यांचे सगळे प्रोग्राम आजही सहज उतरवता येतात त्यांनी विंगेटने नव्याने बसवावेत. जुन्या घरातली धूळ नव्यात आणण्याचे कारण नाही. परवाना एकाच जोडीपुरता असणे हे मला या उत्पादनाचे सर्वांत मोठे न्यून वाटते, कारण एका कुटुंबात किंवा लहान कार्यालयात संगणक एकेकटा बदलत नाही.

जुना संगणक मी दोन महिने तसाच ठेवला होता. सहाव्या आठवड्यात पार्सलवर चिकटवायच्या पत्त्यांचा साचा हवा होता आणि तो नव्या यंत्रावर सापडेना. तो प्रोग्रामडेटामध्ये एका अशा प्रोग्रामच्या फोल्डरात निघाला, जो मी निवडीच्या पडद्यावर अनावश्यक समजून वगळला होता. तो साचा पेन ड्राइव्हवर घेतला, त्या फोल्डरची उरलेली यादी आणखी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली, ज्या दोन प्रोग्रामांनी परवाना विचारला होता त्यांची जुन्या यंत्रावरील सक्रियता रद्द केली, आणि त्यानंतरच डिस्क पुसली.